माझ्या मानेवरचे हात

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे कुणी शेवटपर्यंत वाचलं नाही तरी चालेल. तुमच्या घरात कुणाच्या मानेला गाठ आली असेल, तर ती दाबून बघू नका. चोळू नका, शेकू नका, लेप लावू नका. डॉक्टरकडे न्या. डॉक्टरांनी टीबी सांगितला तर ते सांगतील तितके महिने गोळ्या घ्या. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडू नका.

बाकीचं जे लिहिते आहे ते आजाराबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त आहे. नीट मांडता येईल की नाही, शंका आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आणि घरच्या माणसांबद्दल चारचौघांत असं बोलणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं, असं आमच्याकडे मानतात. मानू देत. मला राग आला आहे, आणि तो पोटात ठेवून गोळ्या पचत नाहीत.

गाठ

आम्ही बदलापूरला, खरवईच्या बाजूला राहतो. पप्पा अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर आहेत. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला.

गाठ पहिल्यांदा माझ्या मैत्रिणीने, कोमलने पाहिली. उल्हासनगरची सिंधी मुलगी, मराठी-हिंदीची भेळ करून बोलते. कँटीनमध्ये माझी ओढणी सरकली तर म्हणाली, "ए शीतल, ये क्या है गले पे?"

"मच्छर चावला असेल."

"मच्छर चावला? इतना बडा? मच्छर था की कबूतर? डॉक्टरला दाखव ना यार."

मी हसले आणि दाखवलं नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, जेवण जायचं नाही, कपडे सैल व्हायला लागले होते. आई म्हणायची, अभ्यासाने होतंय. मलाही ते बरं वाटायचं. अभ्यासाने होतंय म्हणजे मी अभ्यास करते आहे, असं.

गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा पप्पा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे गाठीत सुई घालून तपासायला घेतलं, छातीचा फोटो काढला. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गाठीचा टीबी आहे. फुफ्फुसात काही नाही, त्यामुळे हिच्यापासून कुणाला होण्याची भीती नाही. गोळ्या वेळेवर घे. बरी होशील."

मला फक्त "टीबी" ऐकू आलं. पप्पांनी विचारलं, "साहेब, ताट-पेला वेगळा ठेवायचा का?"

"अजिबात गरज नाही."

ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. येताना रिक्षात पप्पा माझ्या बाजूला बसले आणि आमच्या दोघांच्या मध्ये त्यांनी डब्याची पिशवी ठेवली. मी रडत होते. पप्पा पिशवीवर हात ठेवून बसले होते. ते आजारामुळे नव्हतं. पिशवी गेली कित्येक वर्षं आमच्या मध्येच असते.

पिशवी मध्ये कशी आली

लहानपणी मी पप्पांच्या खांद्यावरून उतरत नसे. शिवमंदिराच्या जत्रेत सगळ्या गर्दीच्या वर माझं डोकं असायचं आणि पप्पांचे कान हे माझं स्टिअरिंग. डावा कान ओढला की डावीकडे, पाळण्याकडे.

मग मी मोठी झाले. म्हणजे आमच्याकडे "मोठी झाली" म्हणतात ती. त्या वेळी मोरिवलीहून आत्या आली. पप्पांची मोठी बहीण. आजी लवकर गेली म्हणून पप्पांना हिनेच वाढवलं. पप्पा तिला आक्का म्हणतात आणि तिचा शब्द खाली पडू देत नाहीत. तिने माझी ओटी भरली, कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, लाडू भरवला, आणि सगळ्या बायकांसमोर पप्पांना म्हणाली, "आता हिच्या अंगाला हात लावत जाऊ नको. घोडी झाली. बापाला चिकटून बसायचं वय गेलं."

पप्पांचा हात तेव्हा माझ्या डोक्यावर होता. तवा लागल्यासारखा त्यांनी तो उचलला. परत कधी ठेवला नाही.

मला वाटतं पप्पा वाईट बाप होऊ नयेत म्हणूनच असं वागले. त्यांना एक नियम सांगितला गेला आणि त्यांनी तो पाळला. पण मला कुणी विचारलं नाही. हात हवा की नको, हे माझं डोकं असून मला कुणी विचारलं नाही.

आणि गंमत बघा. बापाचा हात चालणार नाही असं सांगणाऱ्या आत्याचा स्वतःचा हात कुठेही चालायचा. आली की दंड दाबून बघायची, "किती वाळली गं." गाल ओढायची. ब्लाउजच्या बाहीतून बोट घालून "सैल झालाय" म्हणायची. ती माया होती. ती नको वाटणं म्हणजे माजोरीपणा.

बघू, बघू

आजार कळल्यावर आईने पहिली गोष्ट सांगितली, "कुणाला बोलायचं नाही. उद्या तुझं जमवायचं आहे." दुसरी गोष्ट तिने स्वतःच केली, आत्याला फोन.

त्यानंतर घरात माणसं यायला लागली. केळी घेऊन यायची, पलंगावर माझ्या बाजूला बसायची, आणि म्हणायची, "बघू." नुसतं बघायचं नसायचं. चुलत काकू, शेजारच्या बायका, आईची मावसबहीण, प्रत्येकीचा अंगठा माझ्या गाठीवर. दाबून बघायच्या. कडक आहे, नरम आहे, हलते, हलत नाही. एकीने दुसरीचा हात धरून नेमक्या जागेवर ठेवला, "इथं बघ, इथं." पिकला आंबा बघावा तसं. मी "दुखतंय" म्हटलं की म्हणायच्या, "दुखणारच ना, गाठ आहे ती."

आणि त्याच बायका जाताना नळावर दोनदा हात धुवायच्या. आमच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत.

आत्याने तर माझा स्टीलचा पेला वेगळा काढला. ओळखू यावा म्हणून त्याच्या बुडाला माझ्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. मी म्हटलं, "आत्या, डॉक्टरांनी गरज नाही सांगितली आहे. पप्पांना विचारा." पप्पा तिथेच होते. आत्या म्हणाली, "डॉक्टर काय आपल्या घरी पाणी प्यायला येणार आहे?" पेला वेगळा झाला.

म्हणजे माझ्या तोंडाचा पेला कुणाला चालत नव्हता, पण माझी मान सगळ्यांना चालत होती. हे मला आजही गिळता येत नाही. मी विटाळ होते की देवळातली घंटा होते, एकदा ठरवून तरी सांगायचं.

लेप

गोळ्या सुरू झाल्या तेव्हाचे दिवस वाईट होते. लघवी केशरी व्हायची, सकाळी पोटात ढवळायचं. तरी संध्याकाळचा ताप थांबला आणि मला पहिल्यांदा भूक लागली. पण गाठ मात्र थोडी वाढली. डॉक्टर म्हणाले, होतं कधी कधी, घाबरू नकोस, हात लावू नकोस. मी हे घरी सांगितलं. दोनदा सांगितलं.

त्या आठवड्यात आत्या एक डबा घेऊन आली. आंबेहळद आणि चुना, आणखी काहीतरी पाला होता. म्हणाली, तिच्या सासूने अशा कितीतरी गाठी विरघळवल्या. आधी गरम फडक्याने शेकायचं, मग चोळून चोळून लेप जिरवायचा.

मी नको म्हटलं.

"मी काय वाईट करते का तुझं? तुझ्या बापाचा हात मोडला होता, मीच बसवला."

पप्पांचा तो हात अजून कोपरात सरळ होत नाही. हे मला त्या वेळी बोलायला हवं होतं. सुचलं नाही.

मी उठायला लागले तर आत्या आईला म्हणाली, "धर गं तिला."

आणि आईने धरलं. माझी दोन्ही मनगटं धरली. जोरात नाही. भांडं घासताना धरतात तशी धरली, निसटू नये इतपत. मी आईकडे बघत होते. आई माझ्या कपाळाकडे बघत होती आणि सांगत होती, "झालं, झालं, एवढंच." पप्पा दारात उभे होते. मी "पप्पा" अशी हाक मारली. ते आत पाणी आणायला गेले. पाणी कुणीच मागितलं नव्हतं.

आत्याचा अंगठा माझ्या मानेवर गोल गोल फिरत होता. कणीक मळावी तसा. ती मध्येच म्हणाली, "माझी बाय ती," आणि दुसऱ्या हाताने माझे डोळे पुसले. ती खरंच प्रेमाने करत होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला नंतर सगळ्यांनी हेच सांगितलं: प्रेमानेच केलं ना. हो. प्रेमानेच केलं. म्हणून मला जास्त राग येतो. दुश्मनाला मी चावले असते.

काही दिवसांत गाठ लाल झाली, मग जांभळी, आणि एका सकाळी उशी ओली झाली.

दवाखान्यात डॉक्टर मोठ्याने ओरडले, "कुणी चोळलं हे?"

आई म्हणाली, "आपोआपच झालं, साहेब."

मी पप्पांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं पोस्टर वाचत होते.

आत्याला फोनवर कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बघ! घाण बाहेर पडली की नाही? लेपाचाच गुण."

ड्रेसिंग

त्यानंतर एक दिवसाआड ड्रेसिंग. जखम नुसती बांधायची नव्हती, आतून साफ करून पट्टी भरायची होती. पप्पांची दुसरी पाळी असायची, म्हणून सकाळी तेच मला घेऊन जायचे.

ड्रेसिंगच्या खोलीत एक सिस्टर होत्या. पहिल्या दिवशी मी स्टुलावर बसले, डोळे मिटले, दात आवळले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर त्या हातमोजे घालून समोर उभ्या.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

मी ड्रेसिंगलाच आले होते. मी मान हलवली आणि रडायला लागले. जखमेला अजून हात लागायचा होता.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग रडून घे. मी थांबते."

नंतर पाहिलं, त्या सगळ्यांनाच विचारायच्या. माझ्या पुढे पायाच्या जखमेचे एक आजोबा असायचे. ते दर वेळी म्हणायचे, "लावा की ओ! त्याच्यासाठीच तर आलोय. लग्नाला आलो का इथं?"

"तरी विचारते, बाबा."

"आणि नको म्हटलं तर?"

"तर थांबेन."

आजोबा हसायचे. मग एका दिवशी ते खरंच म्हणाले, "थांबा जरा." त्या थांबल्या. चिमटा हातात धरून, खिडकीबाहेर बघत थांबल्या. आजोबांनी दोन-तीन श्वास घेतले आणि म्हणाले, "हां, आता लावा."

माझ्या आजारपणातली सगळ्यात चांगली गोष्ट मला विचाराल तर हीच. दुखणं तेवढंच होतं. पण ते माझं होतं, मी हो म्हटल्यावर सुरू होणारं. दाराशी पप्पा उभे असायचे. ते हे सगळं बघायचे. त्यांच्या डोक्यात काय चालायचं, ते मला माहीत नाही.

आत्याची पाहुणी

जखम भरत आली होती. एका रविवारी आत्या आली, बरोबर मोरिवलीतली एक शेजारीण. आईने घाईत दोघींना पाणी दिलं. आत्याने पेला तोंडाला लावून वर केला आणि मला त्याच्या बुडाचा लाल ठिपका दिसला. माझाच पेला. मला इतकं हसू आलं की तोंड फिरवावं लागलं.

"काय गं, दात काढायला काय झालं?"

"काही नाही. प्या ना, सावकाश प्या."

पाणी पिऊन झाल्यावर आत्या माझ्याजवळ सरकली आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघा. हिची पण लिंबाएवढी होती. माझ्या लेपाने कशी सुरेख फुटली. तुमच्या सुनेला पण उद्याच लावू." आणि तिने माझ्या मानेवरच्या पट्टीची चिकटपट्टी उचकटायला हात घातला.

मी तिचं मनगट धरलं.

मला कळत होतं की मी काय करते आहे. पप्पांना वाढवणाऱ्या बाईचं मनगट धरलं होतं, पाहुणीसमोर. तरी सोडलं नाही.

"हात लावायचा नाही."

"काय म्हणालीस?"

"मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि ती फुटली नाही, तुम्ही फोडली. मावशी," मी शेजारणीला म्हणाले, "तुमच्या सुनेला दवाखान्यात न्या. हा लेप लावू नका. मला किती दिवस ड्रेसिंगला जावं लागलं, ते पप्पांना विचारा."

शेजारीण पदर सावरत उठली. आत्याचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "दोन बुकं शिकलीस म्हणजे आभाळाला टेकलीस काय? हगलं-मुतलं काढलंय मी तुझं. तेव्हा विचारलं होतं का तुला?"

"तेव्हा मला बोलता येत नव्हतं. आता येतं."

आई म्हणाली, "शीतल, पाया पड आत्याच्या. आत्ताच्या आत्ता."

आत्या पप्पांकडे वळली. "अरे, बघतोस काय? तुझी पोरगी माझा हात धरते."

पप्पा टेबलाच्या कडेला उभे होते. त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाणी आणायला जातील.

"आक्का," ते म्हणाले. "तिला नको आहे ते."

एवढंच. माझी बाजू घेऊन मोठं भाषण केलं नाही, आत्याला दोष दिला नाही. पण आत्याने मला ऐकू आलं त्याच्यापेक्षा जास्त ऐकलं असावं. तिने पिशवी उचलली आणि चहा न घेता गेली. जाताना कानशिलांवर बोटं मोडली नाहीत.

तेव्हापासून ती आलेली नाही. पप्पांचा फोन उचलत नाही. आई म्हणते, सोन्यासारखं माणूस तोडलंस. पप्पा हल्ली कमी जेवतात. त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं. आत्यासाठी वाटत नाही. वाटायला हवं असं कोमलसुद्धा म्हणाली, "जाने दे यार, बुजुर्ग आहेत." मी म्हटलं, बुजुर्ग आहेत म्हणून तर इतके दिवस बसून चोळून घेतलं.

शेजारणीच्या सुनेचं काय झालं, ते मला कळलेलं नाही. त्याची काळजी वाटते.

आरसा

राग गेला की लिहीन, असं आधी ठरवलं होतं. तो जात नाही. आईने मला नुसतं "चुकलं" म्हटलं असतं तरी कदाचित थोडा कमी झाला असता. आई म्हणते, "मला वाटलं, बरं होईल तुला." मला ते पटतं. तरी ती माझी वेणी घालायला जवळ आली की माझी मनगटं आपोआप मागे जातात. तिने ते पाहिलं आहे. आता ती कंगवा पलंगावर ठेवते आणि जाते. पुढे काय होईल, मला माहीत नाही.

सुट्टीच्या दिवशी ड्रेसिंगची खोली बंद असते. तेव्हा घरीच पट्टी बदलायची, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. सगळं सामानही दिलं होतं. मी आईला करू दिलं नाही. स्वतःच करायचे. जखम जबड्याच्या खाली, बाजूला. छोटा आरसा खिडकीत टेकवायचा, तो घसरायचा, हातातली पट्टी भलतीकडेच चिकटायची.

आत्या गेल्यानंतरच्या रविवारी मी अशीच खिडकीशी बसले होते. आरसा दोनदा पडला. पप्पांनी मोरीत साबणाने हात धुतले. कोपरापर्यंत, सिस्टर धुतात तसे, न सरळ होणाऱ्या कोपरासकट. मग ओले हात वर धरून दारात येऊन उभे राहिले.

"शीतल," ते म्हणाले. "हात लावू का?"

किती वर्षांनी. माझ्या डोक्यावरचा हात उचलला, त्यानंतर किती वर्षांनी.

मला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. पण मला बघायचं होतं, आमच्या घरात नको म्हटल्यावर काय होतं ते.

"नको," मी म्हणाले. "आज नको."

मी वाट पाहिली. का नको, मी काय परका आहे, एवढा शहाणपणा कुठून आला, यातलं काहीतरी येईल म्हणून.

"बरं," पप्पा म्हणाले.

ते समोर येऊन जमिनीवर बसले. त्यांनी पडलेला आरसा उचलला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. मी मान वळवली की आरसा तेवढाच वळत होता. पट्टी लावून होईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.